पाणी मुरतंय कुठे

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे 'का-बाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. "का विचारते म्हणून का-बाई. चहाड्या करते म्हणून काही म्हणाले असते तर लागलं असतं मनाला," एवढंच ती म्हणायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडे मागच्या खोलीत राहायची. मी लहान असताना तिने आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. का, तर ते दर तासाला टोला देण्याआधी किंचित खाकरायचं, आणि ते का खाकरतं हे तिला बघायचं होतं. घड्याळ परत जोडलं गेलं, भिंतीवरही गेलं, पण पुन्हा कधी खाकरलं नाही आणि चाललंही नाही. वडील म्हणाले, "ताई, तुझ्या का-ला उत्तर मिळालं का?" ती म्हणाली, "मिळालं. आत एक पट्टी सैल होती." तिच्या दृष्टीने व्यवहार चोख झाला होता.

बावीस वर्षं तिने एकच काम केलं. हात धुण्याची बेसिनं बनवणाऱ्या कारखान्यात एकदा भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर ती ग्लेझ चढवायची. ग्लेझ म्हणजे तो काचेसारखा चकचकीत लेप. तो चढला की माती पाणी पीत नाही. लेप किती जाड बसला हे तिला नुसतं बघून कळायचं. मग एका वर्षी मालकांनी बेसिनं बनवणं बंद केलं. बाहेरचा माल स्वस्त पडू लागला होता. निम्मी माणसं गेली. उरलेल्यांना सांगितलं, की त्याच शेडमध्ये आता पाणी गाळायच्या नळ्या होणार आहेत आणि त्या शिकवायला एक डॉक्टरबाई येणार आहेत.

डॉक्टरबाई आल्या त्या आठवड्यात तिघं जण त्यांना घसा आणि गुडघे दाखवून आले. शेवटी त्यांनी सगळ्यांना एकत्र करून सांगितलं, "मी माणसांची डॉक्टर नाही. मी मातीच्या आणि दगडाच्या वस्तूंवर अभ्यास केलाय, त्याची ही पदवी." पस्तिशीच्या असतील, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. तेव्हापासून त्या 'दगडांची डॉक्टर'.

आत्याला पॅकिंगला टाकलं. नळ्या पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या, खोक्यात ठेवायच्या. नळी पांढरीशुभ्र, हातभर लांब, मनगटाएवढी जाड, आणि आरपार एकोणीस भोकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आत्याने पहिली नळी उचलून डोळ्याला लावली, त्यातून खिडकी बघितली आणि सरळ डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, हे गाळतं कसं? भोकं तर आरपार आहेत. घाण इकडून जाईल आणि तिकडून बाहेर येईल."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. त्या शेडमध्ये त्यांना हे विचारणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. "भोकातून नाही गाळत. भिंतीतून गाळतं. घाण पाणी भोकांतून वाहत राहतं, त्यातलं स्वच्छ पाणी भिंतीतून झिरपून नळीच्या बाहेर येतं. भिंत सच्छिद्र आहे."

"मग लेप कशाला देताय?"

"भिंतीची छिद्रं मोठी आहेत. म्हणून भोकांना आतून पातळ थर द्यायचा. त्याची छिद्रं इतकी बारीक, की केसाच्या जाडीचे हजार भाग केलेत तर त्यातला एक."

"म्हणजे गाळणीत गाळणी. मग सगळी भिंतच बारीक का नाही करत?"

"तसं केलं तर पाणी ढकलायला फार जोर लागेल. पंप चालवून चालवून वीज संपेल. जाड भिंत ताकदीसाठी, पातळ थर कामासाठी."

"आणि प्लास्टिकची गाळणी?"

"ती पण असते. पण उकळतं पाणी आणि कडक साबण तिला सोसत नाही, लवकर बाद होते. ही मात्र धुवायची आणि वापरायची, वर्षानुवर्षं."

आत्या थोडा वेळ नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्षं मी भोकं बुजवली. आता ती राखायची म्हणा."

त्या संध्याकाळी ती एका बाद नळीचा बोटभर तुकडा मागून घरी घेऊन आली. खालची भोकं मेणाने बुजवली, कुंडीतलं गढूळ पाणी चमच्याने वरून भरलं आणि तुकडा बशीत उभा केला. बराच वेळ काही झालं नाही. मग नळीच्या अंगाला घाम आला. थेंब इतके स्वच्छ होते, की मी त्यांना बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बशीत जेमतेम दोन चमचे पाणी जमलं होतं. वडील म्हणाले, "या वेगाने एक कप चहा पुढच्या महिन्यात मिळेल." आत्या खूश होती. "पंप का लागतो ते कळलं," ती म्हणाली.

कारखान्यात मात्र खुशी नव्हती. नळ्या नापास होत होत्या.

तपासणी अगदी साधी होती. नळी पाण्यात भिजवायची, काचेच्या हौदात आडवी बुडवायची आणि तिच्यात आतून हवा हळूहळू दाबत न्यायची. छिद्रं बारीक असतील तर त्यांत अडकलेलं पाणी हवेला वाट देत नाही. पण थराला कुठे तडा असेल किंवा थर विरळ बसला असेल, तर तिथून बुडबुडा लवकर वर येतो. बुडबुडा लवकर आला की नळी नापास. दहांतल्या सहा, कधी सात नळ्यांना बुडबुडे येत होते. डॉक्टरबाईंनी त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत हीच कृती केली होती आणि तिथे दहांतल्या नऊ पास व्हायच्या. इथे त्यांनी लेपाचं मिश्रण बदलून पाहिलं, पाणी बदललं, नळीत ते भरून ठेवायची वेळ बदलली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मालक दिवसातून दोनदा हौदापाशी येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

आत्याचं काम नापास नळ्या वेगळ्या ठेवण्याचं. त्यांची रास वाढत चालली तशी तिची झोप उडाली. जेवताना मध्येच घास हातात धरून ती थांबायची. एकदा म्हणाली, "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

वडील म्हणाले, "गाळणीच आहे ती. मुरणारच."

तिने पहिला संशय घेतला तो भट्टीवर. थराला बारीक तडे दिसतात, आणि ग्लेझच्या कामात तडे म्हणजे भट्टी घाईने थंड केलेली, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने तसं डॉक्टरबाईंना सांगितलं, चारचौघांत सांगितलं, आणि भट्टी सांभाळणाऱ्या काकांच्या कानावर ते गेलं. भट्टीकाका साठीला टेकलेले, त्या शेडमधले सर्वांत जुने. त्यांना वाटलं, ही पॅकिंगची बाई माझ्या भट्टीत नाक खुपसते. डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून त्यांनी भट्टी दुप्पट वेळ लावून थंड केली. तीन दिवस गेले. नळ्या बाहेर आल्या, हौदात गेल्या आणि बुडबुडे आले तसेच आले. दहांत सहा.

आत्या त्या दिवशी घरी आली ती सरळ मागच्या खोलीत गेली. सकाळी लवकर निघाली आणि कामाची पाळी सुरू व्हायच्या आत भट्टीपाशी गेली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"काका, मी तुमच्या भट्टीवर आळ घेतला. चुकले."

काका भट्टीच्या दारावरची राख झटकत होते. झटकत राहिले. मग म्हणाले, "तडा भट्टीतून बाहेर आल्यावर दिसतो, म्हणून तो भट्टीत पडला असं नसतं. आत जातानाच तो असतो. आम्ही नुसता उघडा करतो."

"आधीच असतो?"

"चाळीस वर्षं बघतोय."

आत्या म्हणते, की ते वाक्य तिने दिवसभर चघळलं. आधीच असतो, तर मग लेप देतानाच बघायला हवं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती लेपाच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे एक उंच, अबोल कामगार नळ्या उभ्या लावायचा, खालून दुधासारखं पांढरं मिश्रण वर चढवायचा, तोंडाने तीस मोजायचा आणि मिश्रण खाली सोडून द्यायचा. सगळ्या नळ्यांना तेच मिश्रण, तेच तीस. आत्या बघत राहिली. मिश्रण उतरल्यावर नळीच्या तोंडाशी थर ओला चमकतो. काही नळ्यांची चमक मिश्रण उतरताक्षणी विझत होती. काहींची दोन-तीन मिनिटं टिकत होती. एकीची तर तिने जवळजवळ पाच मिनिटं मोजली.

ग्लेझ चढवणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. चमक लगेच विझली म्हणजे भांडं फार तहानलेलं आहे. टिकली म्हणजे भांड्याच्या पोटात आधीच पाणी आहे.

तिने लेप द्यायच्या बाकी असलेल्या नळ्यांपैकी एक उचलली आणि तिच्या टोकाला जीभ लावली. मग दुसरीला. मग तिसरीला. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाई आत आल्या.

"तुम्ही नळी चाटताय?"

"चाटत नाही. जीभ लावतेय. भाजलेली माती कोरडी असली की जीभ पकडते. ओली असली की सोडून देते. आमच्यात सगळे असंच बघायचे." तिने एक नळी पुढे केली. "ही बघा. आणि मग ही."

डॉक्टरबाईंनी क्षणभर नळीकडे बघितलं, क्षणभर आत्याकडे. मग जीभ बाहेर काढून टोकाला लावली. जीभ चिकटली. त्यांनी दुसरीला लावली, ती नाही चिकटली. तिसरीने किंचित धरून सोडली. मालक दारात आले होते. एवढ्या शिकलेल्या बाई आणि पॅकिंगच्या बाई समोरासमोर उभ्या राहून नळ्यांना जीभ लावताहेत हे त्यांनी पाहिलं आणि आले तसे परत गेले.

"पण नळ्या धुतल्यावर वाळवतो आपण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रात्रभर गरम हवेत. प्रत्येक गाडीतली एक नळी काढून वजन करतो. नोंदी आहेत. सगळ्या कोरड्या."

आत्याने विचारलं, "कुठली नळी काढता?"

डॉक्टरबाईंनी त्या अबोल कामगाराकडे बघितलं. तो म्हणाला, "वरची. कोपऱ्यातली."

"रोज?"

"तीच हाताशी येते."

गाडी म्हणजे चाकांवरची मोठी मांडणी, तीत शंभर-सव्वाशे नळ्या एकमेकींना खेटून. गरम हवा कडेच्या नळ्यांना लागायची, त्या खडखडीत व्हायच्या. मधल्या नळ्यांच्या भिंतीत धुण्याचं पाणी तसंच. वजन मात्र कायम कडेच्याच नळीचं.

आता खरं काय ते ठरवायचं होतं आणि डॉक्टरबाई नुसत्या जिभेवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चाळीस नळ्या घेतल्या. आत्याने जिभेने तीन ढीग केले: घट्ट धरणाऱ्या बारा, न धरणाऱ्या बारा, किंचित धरणाऱ्या सोळा. सगळ्यांना एकाच मिश्रणाचा लेप दिला. कुठली नळी कुठल्या ढिगातली हे हौदावरच्या माणसाला कळता कामा नये, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. नाहीतर त्याला हवे तिथे बुडबुडे दिसतील. म्हणून भट्टीत कुठली नळी कुठे ठेवली याचा नकाशा काढला आणि तो भट्टीकाकांच्या हवाली केला. काकांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि तीन दिवस खिशावर हात ठेवून फिरले. आत्याने एकदा नुसतं विचारलं, "नकाशा आहे ना?" तर म्हणाले, "तुम्हालाच दाखवायचा नाहीये."

तपासणीच्या दिवशी नळ्या एकेक करून हौदात गेल्या. आत्या पॅकिंगच्या टेबलापाशी उभी राहून एकच खोकं चौथ्यांदा पुसत होती. सगळ्या झाल्यावर काकांनी नकाशा उघडला आणि डॉक्टरबाईंनी आकडे लावले. घट्ट धरणाऱ्या बारांतल्या तीन पास. न धरणाऱ्या बारांतल्या दोन. किंचित धरणाऱ्या सोळांतल्या पंधरा.

डॉक्टरबाईंनी कागद आत्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. तहानलेली नळी मिश्रणातलं पाणी घटाघट ओढते, तिच्यावर थर जाड बसतो, आणि जाड थर वाळताना तळ्याकाठच्या चिखलासारखा तडकतो. जिच्या पोटात पाणी आहे ती काही ओढतच नाही, थर विरळ राहतो. प्रयोगशाळेत डॉक्टरबाई नळ्या वाळवून दिवसभर उघड्या कपाटात ठेवायच्या, म्हणून हवेतला थोडा ओलावा घेऊन त्या सगळ्या आपोआप सारख्या होत होत्या. "मी ते कधी लिहूनच ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "मला ते कृतीचा भाग वाटलंच नव्हतं."

मालक म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण कोपऱ्यातल्या नळीचं ऐकत होतो."

आत्या म्हणाली, "सोळांतली एक का नापास झाली?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिला खरंच हवं होतं ते उत्तर, आणि ते आजपर्यंत मिळालेलं नाही. नंतर गाडीत नळ्या विरळ लावू लागले, वाळल्यावर एक दिवस उघड्या कपाटात मुरवत ठेवू लागले आणि प्रत्येक नळीचं वजन होऊ लागलं. दहांतल्या नऊ पास होतात. दहाव्या नळीचे तुकडे करून आत्या अजून भिंगातून बघते.

तिला लेपाच्या खोलीत घेतलं. मालकांनी तिथल्या दारावर 'लेप तपासनीस' अशी तिच्या हुद्द्याची पाटी लावली. जीभ लावायला मात्र डॉक्टरबाईंनी सक्त मनाई केली. माल आहे, तोंड लावायचं नाही. वजनकाट्याबद्दल आत्याचं मत असं, की तो खरं सांगतो पण सावकाश सांगतो. पुढे डॉक्टरबाईंनी यावर एक लेख लिहिला, परदेशी मासिकात आला. तो त्यांनी आत्याला समोर बसवून मराठीत वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, की नळ्यांमधला ओलावा सर्वप्रथम एका अनुभवी कारागिराने स्पर्शाने ओळखला.

"स्पर्शाने का लिहिलंत? जिभेने लिहा ना."

"छापणाऱ्यांनी बदललं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर आत्याला एकच ध्यास लागला. आपल्या नळ्या काम कशा करतात ते बघायचं. बावीस वर्षांत घडवलेली बेसिनं तिला जागोजागी भेटायची, दवाखान्यात, शाळेत. ती त्यांच्याकडे ओळखीच्या माणसासारखी बघायची. पण नळ्या गेल्या कुठे ते दिसतच नव्हतं. शेवटी डॉक्टरबाईंनी एक पत्ता दिला. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. एका सुट्टीच्या दिवशी मी तिला घेऊन गेले, बसने, दोन बस बदलून.

आत वाफ होती आणि सतत घरघर. माणूस आत जाऊन उभा राहील एवढे मोठे ड्रम फिरत होते. चादरींनी भरलेल्या कापडी ढकलगाड्या इकडून तिकडे जात होत्या. यंत्र सांभाळणारा जाडजूड माणूस कानावरची टोपणं गळ्यात घालून आमच्यासमोर आला. आत्याने सांगितलं, "तुमच्याकडच्या नळ्या मी करते." त्याला आधी ते पटलं नाही. मग तिने किती भोकं असतात ते सांगितलं आणि तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला.

तिथे माझ्या उंचीचं स्टीलचं पिंप उभं होतं. नळ्या त्याच्या आत, दिसत नव्हत्या. एका बाजूने राखाडी, फेसाळ पाणी येत होतं, दुसऱ्या बाजूला काचेच्या छोट्या खिडकीतून स्वच्छ पाणी वाहताना दिसत होतं. दर दहा मिनिटांनी आतून धप्प असा आवाज यायचा.

"हे काय?"

"थोडं स्वच्छ पाणी उलटं ढकलतं ते. आत चिकटलेली घाण सुटते. औषधं घालून धुवायचं काम आता क्वचित पडतं."

त्याने तोटी उघडून पेला भरला. आत्याने पेल्याला हात लावला आणि मागे घेतला. पाणी गरम होतं.

"गरमच परत येतं," तो म्हणाला. "पहिल्या धुण्याला परत तेच घेतो. गॅस निम्म्यावर आला. नवीन पाणी तर तिसरा हिस्साच लागतं."

"पिता येईल?"

"नको, बाई. साबण असतो त्यात. विरघळलेलं काही गाळलं जात नाही."

"का नाही?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं. मग तिने विचारलं, की जे अडकतं ते जातं कुठे. त्याने पिंपाच्या तळाशी असलेला एक ट्रे ओढून दाखवला. त्यात राखाडी लगदा होता, चादरींचे तुटलेले तंतू, बारीक धूळ. आत्या गुडघ्यावर बसली. चिमूटभर लगदा घेऊन तिने दोन बोटांत चोळला, मग ताणून बघितला.

"याचं काय करता?"

"टाकतो."

"मला देता थोडा?"

त्याने पिशवी शोधून आणली. परतीच्या बसमध्ये पिशवीला ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास येत होता. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. आत्याच्या ते लक्षातही आलं नाही. घरी आल्यावर तिने लगदा जुन्या ताटात पसरला, वर दुसरं ताट दाबून ठेवलं आणि त्यावर लोखंडी बत्ता ठेवला. चार दिवसांनी ताट उलटं केलं तेव्हा राखाडी, जाडसर पुठ्ठ्यासारखी चकती बाहेर पडली. वाकवली तर वाकली, मोडली नाही. वडिलांनी ती हातात घेऊन टिचकी मारली, वास घेतला आणि काहीही विनोद न करता तिला परत दिली.

सोमवारी ती चकती कागदात गुंडाळून डब्याबरोबर घेऊन गेली. डॉक्टरबाईंना विचारायचं होतं, की ह्याला मातीत कालवून कुणी भाजून बघितलंय का. तंतू जळतील, तिथे भोकं राहतील.